कढीपुरतं दही

"दही? काकू, जनावरं छावणीत, दूध तिथूनच टँकरला. दही कुठलं?"

दूध सोसायटीचा सेक्रेटरी धर्मराज रिकामे कॅन पालथे घालत होता. भिवराबाई डबी पुढं करून दारातच उभी.

"कढीपुरतं बघ रं. शहादेवला कढी लई आवडती."

"पोरगा इमानानं येतोय, अन् तुमी डबी घेऊन हिंडता!" तो हसला. "दुबईचं इमान आता रोज येणार म्हणं. आधी हप्त्यातून एकदाच यायचं."

"बोलू नको. घाल."

त्यानं स्वतःच्या जेवणाच्या डब्यातलं दही तिच्या डबीत ओतलं. ती पळतच निघाली.

शहादेव दुबईला कामाला गेला त्या सालीही असाच दुष्काळ होता. घरात दही नव्हतं. निघताना लेकाच्या हातावर तिनं साखर ठेवली होती. तो परत आला नाही. आधी फोन यायचे, मग तेही बंद. त्याची बायको शिवकन्या अंबाजोगाईला नर्सिंग शिकलेली. ती इथं चुलीपुढं वाळत चालली होती.

वाट बघून. नुसती वाट.

दारात जीप उभी होती. भिवराबाईचे दीर सुंदरराव उसाअभावी बंद पडलेल्या साखर कारखान्याचे चेअरमन. अंगावर कडक इस्त्री, हातात झेंडूचा हार.

"रोजच्या फेरीचं पैलं इमान हाय, वैनी. पेपरात फोटो आपलाच आला पायजे. पण इमान दुपारी, अन् निघायचं आत्ताच?"

"माझा जीव थाऱ्यावर न्हाई, भावजी."

"अन् आणायला जाताना बॅग कावून?"

"पैठणचा नवस हाय. नवरा-बायको तिकडूनच परस्पर जातील."

सुंदरराव सुनेकडं वळले. "पुण्याच्या दवाखान्यातल्या नोकरीला न्हाई म्हणलो तवा रुसली होतीस न्हाई का? आपल्या घरची सून नवऱ्याबगर परगावी ऱ्हात नसती, पोरी. बघ, आता नवराच दारात येतोय."

शिवकन्या खाली बघत जीपमध्ये चढली.

छावणी मागं पडली. कारखान्याची थंड चिमणी. गेवराई. शहागडच्या पुलाखाली गोदावरी, म्हणजे वाळू. भिवराबाईच्या मांडीवर डबी. खड्डा आला की ती झाकण चाचपायची. पुन्हा चाचपायची. ड्रायव्हरला म्हणायची, "हाण की जरा."

"डबी तर घरी ठिवायची," सुंदरराव पुढून म्हणाले. "कढी काय इमानतळावर करता?"

"तुमी पुढं बघा, भावजी."

विमानतळाला दोन दारं होती. एकातून माणसं बाहेर येणार, तिथं आधीच पुढाऱ्यांची दाटी. सुंदररावांनी कोपरं मारत सगळ्यात पुढची जागा धरली. हार नीट केला. फोटोवाल्याला हात केला.

"तुमी बायांनी सावलीत बसा," ते ओरडले. "इमान उतरलं की हाक मारतो."

भिवराबाईनं बॅग उचलली. सावली मागं पडली तरी ती थांबली नाही. भिंतीच्या कडेनं ती चालत राहिली, शिवकन्या तिच्या मागं. पार दुसऱ्या दारापाशी येऊन ती थांबली. तिथं बंदूकवाला शिपाई एकेकाचं तिकीट बघून आत सोडत होता.

शिवकन्येचा पाय अडखळला. "आत्या, धाकल्या मामंजींना कळल्यावर तुमचं कसं..."

"माझं मी बघते. हार काय, मी घालून घेते गळ्यात."

शिवकन्या हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

भिवराबाईनं डबी उघडली. उन्हानं दही पातळ झालं होतं. तिनं सुनेचा उजवा हात ओढला आणि तळव्यावर दही घातलं.

"खा. अन् दुबईत शहादेवला हुडकू नको. दवाखाना बरा, तू बरी."