टेडीचं वजन

"माझा टेडी फार हलका झालाय, बाई," वैजयंता म्हणाली. शिवणवर्गातल्या बाकीच्या बायकांचे टेडी शिवून झाले होते. तिच्या टेडीची पाठ अजून उघडीच होती.

शिकवणाऱ्या मेहरुन्निसाबाईंनी वजनासाठी भरायचे काचेचे बारीक मणी काढले, काटा पुढे ओढला. "किती ग्रॅम घालू?"

"आकडा मला कुणी सांगितलाच नाही. एकोणीस वर्षं झाली. नर्सनं मुलगी मिनिटभर हातात दिली आणि काचेच्या पेटीत ठेवायला नेली. नंतर ती गेल्याचंच कळलं."

बाईंनी काटा बाजूला सारला. वैजयंतानं डोळे मिटून टेडी दोन्ही हातांवर पालथा घेतला. बाई त्याच्या पोटातल्या कापडी थैलीत मूठमूठ मणी ओतू लागल्या. दर मुठीनंतर ती म्हणायची, "अजून थोडे."

सतराव्या मुठीनंतर तिनं टेडी खांद्याशी धरला.

"द्या इकडे, पाठ कशी मिटवायची ते दाखवते," बाई म्हणाल्या.

तिला तो देववेना. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग सुईत दोरा ओवला आणि तिच्यासमोर उभं राहून, टेडी तिच्या खांद्यावर असतानाच, टाके घालायला सुरुवात केली.