चार किलो तांदूळ

पहिल्याच पायरीवर मालतीबाईंना कळलं, की पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ नाहीत.

सॅक फुगलेली होती, पण खांद्यांना काही भारच जाणवत नव्हता. रात्री त्यांनी स्वतःच्या हातांनी चार किलो तांदूळ भरले होते आणि सुबोधने ते काट्यावर तोलून घेतले होते. अट त्याचीच होती. चार किलो पाठीवर, कुठेही बसायचं नाही, आणि सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या त्यांच्या इमारतीचे पंचवीसच्या पंचवीस मजले. जमलं, तर आई त्याच्या ग्रुपबरोबर जॉर्डनला येणार, चार दिवस वाळवंट तुडवणार आणि शेवटी कड्यातल्या आठशे पायऱ्या चढणार. नाही जमलं, तर विषय संपला.

मालतीबाईंनी वळून पाहिलं. जिन्यासमोरच्या बाकड्यावर गुडघ्यांना पट्टे बांधून बसलेले ज्ञानेश्वरराव एकदम स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. सकाळी 'मी नेतो खाली' म्हणून सॅक घेऊन हेच आधी उतरले होते. चोर सापडला.

मूग गिळून त्या चढू लागल्या. मागे मोबाईल धरून सुबोध. मजल्यागणिक बाईंचा राग चढत होता. म्हणजे आपल्या पायांवर यांचा एवढाही भरवसा नाही! जन्मभर यांनी गड चढावेत, मुलगा हाताशी आल्यावर त्यालाही न्यावं, आणि आपण पायथ्याच्या देवळात डबे राखत बसावं. 'तुला झेपायचं नाही, तू थांब इथंच.' संध्याकाळी दोघं उन्हाने लाल होऊन यायचे आणि डब्यांवर तुटून पडत सांगायचे, वरून काय काय दिसलं ते.

सतराव्या मजल्यावर एक चिनी शेजारीण कुंड्यांना पाणी घालत होती. "आंटी, लिफ्ट स्पॉइल आ?"

"नो, नो. एक्सरसाइज!" मालतीबाई म्हणाल्या. बोलताना धाप लागली नाही, याचीच त्यांना लाज वाटली.

पंचविसाव्या मजल्यावर सुबोधने त्यांना मिठीच मारली. "आई, कमाल केलीस! मला वाटलं, पंधराव्यालाच बसशील. आजच तिकीट काढतो तुझं."

दोन महिने त्यांना हेच ऐकायचं होतं. गप्प राहावं, असं एकदा मनात आलंसुद्धा. मग त्यांनी सॅकची चेन उघडली आणि मूठभर चुरमुरे त्याच्या हातावर ठेवले.

"हे कुणी...?"

"तुझ्या बाबांनी. चल खाली."

लिफ्टने दोघं उतरली. त्यांना पाहताच ज्ञानेश्वरराव बाकड्याचा आधार घेत उभे राहिले.

"अहो, तांदूळ कुठायत?"

त्यांनी बाकड्याखालून कापडी पिशवी काढली.

"मी मागितलं होतं का तुमच्याकडे असलं काही?"

"नाही." त्यांनी पिशवी बाकड्यावर ठेवली. "मी वरून सगळं पाहिलंय गं. तू काहीच नाही पाहिलंस. आता गुडघे गेल्यावर कळतंय मला, खाली बसून राहणं काय असतं ते. म्हटलं, काहीही करून तू जायला हवीस."

मालतीबाईंचा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला त्यांनी ठेवून घेतला, चढायला उपयोगी पडेल म्हणून.

"आई, उद्या करू या ना," सुबोध म्हणाला. "आज एकदा झालंय."

"उद्या माझे पाय दुखणार आहेत. आजच." त्यांनी सॅक नवऱ्यापुढे धरली. "भरा."

ज्ञानेश्वररावांनी चुरमुरे काढून तांदूळ भरले, एक दाणाही न सांडता. मालतीबाईंनी पाण्याची बाटली, छत्री आणि फोन त्यांच्या हातात दिला आणि त्या जिन्याकडे वळल्या.

खऱ्या चार किलोंनी सहाव्या मजल्यापासूनच खांदे ओढायला सुरुवात केली. बाराव्याला नाकी नऊ आले. चौदाव्याला सुबोध म्हणाला, "सॅक दे माझ्याकडे." त्यांनी त्याचा हात झटकला.

"आंटी, अगेन आ?" सतराव्या मजल्यावरची शेजारीण आता काळजीत पडली. तिने दारातलं लाल प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. इतकं सुंदर स्टूल मालतीबाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"बस आई, एक मिनिट. मी नाही धरणार ते."

"मी धरणार," त्या कशाबशा म्हणाल्या. स्टुलाला वळसा घालून त्यांनी पुढची पायरी गाठली.

पंचविसाव्या मजल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. सुबोधने या वेळी मिठी मारली नाही. पाठीवरची सॅक अलगद उतरवून घेतली आणि म्हणाला, "काढतो तिकीट."

समोर बुकित तिमाहची हिरवी टेकडी होती, तिच्यामागे ढग होते, खालून एलआरटी रेल्वेची छोटी गाडी वळण घेत चालली होती. मालतीबाईंनी त्यातलं काहीच पाहिलं नाही. त्या सरळ खाली पाहत होत्या. बाकड्याच्या एका टोकाला ज्ञानेश्वरराव बसले होते. मांडीवर बाटली, छत्री, चुरमुऱ्यांची पिशवी. मान मागे टाकून ते एकेक मजला शोधत होते, आणि भलत्याच मजल्याकडे बघत होते.

"सुबोध," त्या म्हणाल्या, "खाली थांबलेलं माणूस वरून एवढंसं दिसतं होय रे?"

सुबोधने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

मालतीबाईंनी दोन्ही हात उंच केले आणि हलवत राहिल्या, खालच्या माणसाला दिसेपर्यंत.