लाल ताऱ्याकडं बघायची रीत

थंडीतल्या संध्याकाळी लोडशेडिंगनं बोरी गाव अंधारलं, तसे माहेरी आलेल्या प्रज्ञाला लहानपणीचे हिवाळे आठवले. तेव्हा बाबांसोबत अंगणात उभं राहून ती मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी तारा उजळलाय की मंदावलाय, हे जवळच्या रोहिणी ताऱ्याशी ताडून ठरवायची. आता त्याच अंगणात तिची नजर ओट्याजवळच्या लेकीवरून हलत नव्हती. दीड वर्षाची पोर अजून चालत नव्हती. उभी राहिली की प्रज्ञा धावून धरायची. "टक लावली की लाल ताराबी उगाच मोठा दिसतो, इसरलीस व्हय?" बाबा म्हणाले. "नजर टाकायची अन् काढायची. बघ बरं, औंदा कसाय?" तिने वर पाहिलं. रोहिणीपेक्षा उजळ! तेव्हासारखीच हरखून बघत राहिली. मागे वाळे वाजले. वळली तर ओट्याजवळची लेक उभ्यानं बाबांच्या गुडघ्याला बिलगली होती. "चालत आली? मला हाक का नाही मारली, बाबा?" "मारली असती, तर तू येऊन धरलं असतंस तिला."