आमसुलाने घासलेलं नाणं

संदीप मास्तरांनी नाणं भिंगाखाली धरलं, उलटंपालटं केलं आणि भिंग खाली ठेवलं.

“हे घासलं कोणी?”

पाच रुपयांचं पिवळं नाणं. टांकसाळीत शिक्का एका बाजूला सरकलेला, म्हणून अर्धे सिंह गायब आणि कडेला नुसती कोरी चंद्रकोर. गुरुदासला ते सुट्ट्या पैशांत सापडलं होतं. साखळी-पणजी बसवर सव्वीस वर्षं कंडक्टर म्हणून उभं राहून मिळालेलं बक्षीस म्हणायचं तर हेच. डिचोलीचे मास्तर जुनी नाणी जमवतात. फोटो बघून त्यांनी सांगितलं होतं, बारा हजार कुठे गेले नाहीत.

बारा हजार म्हणजे गुरुदासला महिनाभर बसायला मिळणार होतं. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. ऑपरेशन सरकारी इस्पितळात फुकट, पण पुढे महिनाभर घरी बसायचं, आणि बसमालक म्हणतो काम नाही तर पगार नाही. मग खायचं काय, दगड?

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, पदर तोंडाशी नेला. काल तिने समई घासायला काढली, तेव्हा देवापुढे ठेवलेलं नाणंही आमसुलाने घासलं होतं. वर राख लावून लख्ख केलं होतं. एवढं भाग्याचं नाणं, मास्तरांकडे मळकं कसं न्यायचं?

“मीच घासलं,” गुरुदास म्हणाला.

“अरे देवा! गुरुदास, जुना रंग गेला की रे. हे बघ, ओरखडेच ओरखडे. मळकंच आणायचं होतंस.” मास्तरांनाही वाईट वाटलं. “आता दोनशेच्या वर कोणी देणार नाही.”

“असूं दी, मास्तर,” म्हणत त्याने नाणं खिशात टाकलं.

साखळीला परतायची बस खच्चून भरलेली. चंद्रावतीला बायकांच्या सीटवर जागा मिळाली. गुरुदास दांडा धरून उभा राहिला. आज सुट्टी, तरी दारातल्या लोकांवर तोच ओरडला, “फुडें सरा, फुडें!” मग स्वतःचाच राग आला त्याला.

“मास्तरांक खोटें कित्याक सांगलें तुमी?” चंद्रावतीने हळूच विचारलं. “म्हजें नांव सांगपाचें. खाल्लें आसतें म्हाका तांणी?”

“सांगून महिनो परत मेळतलो?”

तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होता, पुन्हा पहिल्यावर. ती बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि भर बसमध्ये रडायची लाजही वाटत होती. शेवटी पिशवी उचलून ती उभी राहिली आणि तिने त्याचा शर्ट ओढला.

“अगे, बस तूं.”

“तुमी बसा,” ती म्हणाली. “साखळी येयसर तरी बसा.”