पलीकडचा सांधा

मुलाने बटण दाबले आणि वीतभर उंचीचे हिरवे इंजिन तीन डबे ओढत स्वयंपाकघराच्या खिडकीखालून निघाले. टोमॅटोच्या वाफ्याला वळसा घालून गाडी बागेच्या टोकाला दाट झुडपांमागे दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने तोंड इकडे करून परत आली.

"बघ," तो आईला म्हणाला. "रुळांचे दोन्हीकडचे सांधे आपोआप बदलतात. आता तिकडे कुणी उभं राहायला नको."

आई खिडकीत होती. ती नुसती हं म्हणाली.

बाबा मात्र निवृत्तीनंतरची सगळी वर्षे तिकडेच उभे राहिले होते. झुडपांमागे रुळांचा फेर होता. गाडी तिथे गोल फिरून पुन्हा आल्या वाटेला लागायची. पण ती फिरून येईपर्यंत सांधा बदलावा लागायचा आणि विजेची दिशा उलटवावी लागायची, नाहीतर गाडी तिथेच अडायची. हे काम बाबा हाताने करत. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचे आणि यायचे नाहीत. शेवटी आई वैतागून चहाचा कप मागच्या उघड्या डब्यात ठेवायची. रिकामा कप गाडीनेच परत यायचा. गेल्या हिवाळ्यात ते तिथेच, सांध्याचा दांडा धरून गेले. तेव्हाही आई हाकाच मारत होती.

आज पुन्हा तिने डब्यात कप ठेवला. मुलाने पाहिले आणि बटण दाबले. कप रिकामा परत आला. सांडला असेल, असे म्हणून तो हत्यारे आवरायला बसला.

पेटीच्या तळाशी तारेचे वेटोळे होते. पलीकडच्या सांध्याच्या मोटरची तार, दुकानातून आणली तशीच बांधलेली. त्याला आठवले. काल मोटर बसवून झाली आणि आईने जेवायला हाक मारली. तो पहिल्याच हाकेला उठला होता. आज सकाळी गाडी नीट जाऊन परत आली म्हटल्यावर वाकून बघायचे त्याला सुचलेच नाही.

"आई, तिकडची तार जोडलेलीच नाही."

"मग?"

"मग सकाळपासून गाडी परत येते कशी?"

आईने रिकामा कप नळाखाली धरला. ती घाबरली नव्हती, चिडली होती. हा राग मुलाच्या ओळखीचा होता.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "झुडपांमागे गाडी उगाच रेंगाळते. इंजिनाची काच पुसल्याशिवाय सोडतील तर ते कसले."

मुलाने इंजिनाकडे पाहिले. सगळ्या अंगावर धूळ होती. दिव्याची काच तेवढी लख्ख होती.

"मी रूळच उखडून टाकतो," तो म्हणाला.

"काही उखडायचं नाही. तार जोड." आईने कप पालथा घातला. "मेल्यावरसुद्धा माणसानं तिथंच उभं राहायचं का रे? आणि मी वाट तरी किती बघायची?" तिचे डोळे भरून आले होते.

तो बागेच्या टोकाला गेला. झुडपांमागे दिवसभर ऊन येत नसे, तरी सांध्याचा लोखंडी दांडा कोमट होता. आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा. त्याने तार जोडली आणि मागे न बघता तो घरात आला.

आईने ताजा चहा गाळून कप डब्यात ठेवला. गाडी झुडपांमागे गेली. तिकडून सांध्याचा खट्ट आवाज आला आणि जराही न रेंगाळता गाडी परत आली. कप होता तसा भरलेला होता. चहातून अजून वाफ निघत होती.

आईने तो उचलून टेबलावर ठेवला, आपल्या समोरच्या जागी. तिथली खुर्ची मागे ओढली.

"या," ती दाराकडे बघत म्हणाली. "आता तरी निवांत बसा."

मुलगा दारातच उभा होता. त्याचे त्याला कळायच्या आत त्याने अंग चोरून वाट दिली.