शाळेच्या दाराला डहाळा

तालुक्याहून आलेल्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी फळा पुसला, तोही स्वतःच्या रुमालाने. घाईच तेवढी होती.

फळा शाळेच्या फाटकाबाहेरचा. गंजाड गावाहून आत, चिकूच्या वाड्या संपल्या की हा पाडा लागतो. इथे फोन एखाद्याच घरात, आणि तोही दिवसभर कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. म्हणून घरी काही कळवायचं तर बाई या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या आणि चौथीची मुलं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायची. त्या सकाळी संगिता बाईंनी लिहिलं होतं: ‘शाळेत गोवर आलाय. ताप असलेलं मूल पाठवू नका. तान्ही बाळं घरीच जपा.’

तीन मुलं अंगभर पुरळ घेऊन घरी पडली होती. पण शुक्रवारी डिजिटल वर्गाचं उद्घाटन होतं आणि मोठे पाहुणे यायचे होते. रक्ताचा अहवाल येईपर्यंत ‘गोवर’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ‘साथ’ तर नाहीच नाही, असं साहेबांनी बजावलं. वर मांडव भरलेला दिसायला हवा, सगळ्या आयांना कडेवरच्या पोरांसकट बोलवा, फोटो चांगले येतात, हेही सांगितलं. घ्या! म्हणजे पाड्यातली एकूण एक तान्ही पोरं एका मांडवात गोळा करून गोवराच्या हाती द्यायची.

संगिता बाईंचं डोकं भडकलं. त्यांचा धाकटा भाऊ पाळण्यातच गोवराने गेला होता. शेजारच्या घरी आजार आहे हे तेव्हा त्यांच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं. बाई काही बोलणार तोच साहेबांनी अगदी मायेने आठवण करून दिली, की तुम्ही अजून शिक्षणसेवक आहात आणि तुम्हाला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे. हेडगुरुजी निवृत्तीला आलेले. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले.

“बरं साहेब,” बाई म्हणाल्या. “लिहिणार नाही. कोणाला सांगणारही नाही.”

आणि त्यांनी शब्द पाळला. संध्याकाळी फक्त कडुलिंबाचा एक डहाळा तोडला आणि शाळेच्या दाराला बांधला.

डहाळा म्हणजे काय, हे पाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घरात कोणाच्या अंगावर गोवर-कांजिण्या उठल्या की दाराला डहाळा लागतो. मग बाहेरच्याने त्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि त्या घरच्यांनी कोणाच्या मांडवात जायचं नाही. वाडीतून परतणारी माणसं शाळेपुढे थबकली, दाराकडे बघून गुमान पुढे गेली. जानी सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन शाळेच्या हातपंपावर पाण्याला आली होती. ती रिकाम्या हंड्यानिशी फाटकातूनच मागे फिरली.

मांडव घालायच्या दिवशी साहेब पुन्हा आले. डहाळा बघून त्यांचा पारा चढला. डिजिटल शाळेला ही अंधश्रद्धा शोभते का, असं म्हणत त्यांनी डहाळा ओढून काढला आणि गटारात फेकला. जानीचा नवरा शुक्रा शाळा समितीचा अध्यक्ष. तो मांडवाचा बांबू रोवत होता. त्याने बांबू तिथेच टाकला आणि तडक घरी गेला.

शुक्रवारी मांडव सजला. खुर्च्या लागल्या, फीत बांधली, स्पीकर वाजायला लागला. माणूस मात्र एक नाही. पाहुण्यांची गाडी डहाणूहून निघाल्याचा फोन आला आणि साहेबांना घाम फुटला. पाड्यात जाऊन लोकांना घेऊन या, असं ते हेडगुरुजींवर खेकसत होते, तेवढ्यात शुक्राच फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“कोन येनार नाय, साहेब,” तो म्हणाला. “घराघराला डहाळा लागलाय.”

साहेब फाटकापर्यंत धावले. खरंच होतं. पहिल्या झोपडीपासून टेकडीखालच्या शेवटच्या घरापर्यंत एकही दार सुटलं नव्हतं. संगिता बाईंनीही पाहिलं. आजारी मुलं तीनच होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शुक्राच्या बाळाला तर साधी शिंकही आली नव्हती. बाईंना रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“सगळ्यांच्याच घरी?” साहेब पुटपुटले. मग रिकामा मांडव दाखवण्यापेक्षा आजार दाखवलेला परवडला, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. हुशार माणूस. फोन कानाला लावून ते सगळ्यांदेखत बोलले, “सर, गाडी परत फिरवा. इथे गोवराची साथ आहे. लहान मुलांना फार धोका आहे, सर. मी डॉक्टरांची गाडी बोलावतो.”

फोन खिशात गेला. मग हेडगुरुजी फाटकाबाहेर गेले. इतके दिवस ज्यांनी आपल्या चपलांवरची नजर उचलली नव्हती, त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहायला घेतलं. ‘इथे गोवराची साथ आहे. लहान मुलांना फार धोका आहे.’ जसंच्या तसं. मागे उभा राहून शुक्रा एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचत होता.

“बाई,” गुरुजींनी वळून विचारलं, “खाली नाव कोणाचं घालू?”

“ज्यांनी सांगितलं त्यांचं,” संगिता बाई म्हणाल्या. “हुद्द्यासकट घाला, गुरुजी.”