नववीची वडी

तिसऱ्या तासालाच गुरवबाईंचा घसा बसला. शिक्षक नाहीत म्हणून जूनपासून नववीच्या दोन्ही तुकड्या एकाच वर्गात कोंबल्या होत्या. एकशे दहा पोरं.

सकाळपासून लाल रंगाच्या पाण्यात ठेवलेल्या चायना ग्रासच्या, म्हणजे पांढऱ्या जेलीच्या, लहानमोठ्या दोन वड्या बाईंनी मधोमध कापल्या. लहान वडी आतपर्यंत लाल निघाली. मोठीचा गाभा मात्र पांढराफटकच होता.

“पेशीही फार मोठी झाली, तर अन्न मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही. म्हणून तिचं विभाजन होतं. कळलं?”

“हो बाई!” पुढचे बाक ओरडले.

मधल्या बाकावरची दीक्षा उभी राहिली. “बाई, मधे काहीच पोचलं नाही.”

“तेच तर सांगतेय गं,” बाई वैतागल्या. “वडी मोठी आहे.”

“वडीचं नाही बाई. आमचं म्हणतेय.”

बाईंनी मधल्या बाकांकडे पाहिलं, मग ताटलीतल्या मोठ्या वडीच्या पांढऱ्या गाभ्याकडे.

मधल्या सुट्टीत त्या चहा न घेताच मोठ्या वडीची ताटली घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या.

“ही कसली वडी, बाई?”

“नववीचा वर्ग आहे, सर,” बाई बसक्या आवाजात म्हणाल्या. “पुन्हा तुकड्या करा.”